दहाव्याला उभं कुठे करायचं?

साठच्या दशकातला एक सोमवार. साताऱ्यातलं एक कॉलेज... आणि गणिताच्या लेक्चररच्या जागेसाठी आलेली मी एकटीच मुलगी. वडील माधवनगरच्या गिरणीत कामाला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे ही नोकरी मला हवीच होती.

इंटरव्ह्यू चांगला झाला. शेवटी प्राचार्य म्हणाले, "गणित येतं तुम्हाला. पण आमची मुलं दांडगी आहेत, आवरतील का?"

"आत्ताच वर्ग द्या की," मी म्हटलं.

ते मला घेऊन निघाले. वर्गात पाऊल टाकलं तर मागून शिट्टी... मी मागच्या बाकांवरचीच दहा मुलं पुढे बोलावली, सगळी वेगवेगळ्या उंचीची. म्हटलं, "रांगेत हवे तसे उभे राहा. तरी तुमच्यातले कुठले तरी चौघं असे निघतीलच, की डावीकडून उजवीकडे त्यांची उंची चढत जाते, नाहीतर उतरत जाते. मधले सोडले तरी चालतील. टाळून दाखवा!"

त्या दहांतला सगळ्यांत उंच, फलटणकडचा ताडमाड मुलगा हसला. "आवं मॅडम, त्यात काय अवघड हाय?"

त्याने आधी तीन बुटके उतरत्या उंचीने लावले, मग तीन मधले तसेच, मग तीन उंच. नऊ झाले, आणि खरंच चौघं कुठेच निघेनात! वर्गाने एकच गलका केला. प्राचार्य माझ्याकडे बघत होते... मी म्हटलं, "आता तू."

तो शेवटी उभा राहिला. चढते चौघं निघाले. सुरुवातीला गेला, उतरते चौघं. "मधी घुसतो गड्यांनो!" तिथेही तेच. सगळा वर्ग उठून जागा सुचवू लागला, प्राचार्यसुद्धा!

मग मी फळ्याकडे वळले. प्रत्येकाला दोन आकडे द्यायचे... डावीकडून त्याच्यापर्यंत येणारी, त्याला धरून सर्वांत लांब चढती रांग किती जणांची, आणि उतरती किती जणांची. चौघं टाळायचे तर दोन्ही आकडे एक ते तीनमधलेच. अशा जोड्या फक्त नऊ, मुलं दहा. म्हणजे दोघांची जोडी सारखीच. पण त्यातला उजवीकडचा दुसऱ्यापेक्षा उंच तरी असणार, नाहीतर बुटका... म्हणजे त्याचा एक आकडा वाढायलाच हवा, जोडी सारखी राहूच शकत नाही!



"म्हंजी कवाच जमायचं न्हाई?" त्या मुलाने विचारलं.

"कधीच नाही."

तो टाळ्या वाजवायला लागला. बाहेर आल्यावर प्राचार्य एवढंच म्हणाले, "उद्यापासून या."

पुढे आयुष्यभर शिकवलं. मुकाट ऐकून घेणारे पुष्कळ भेटले... पण मला खोटं पाडायला हट्टाने उभे राहिले, त्यांनीच मला शिक्षिका केलं.