मावशीचा फोन सुरू करायला अल्लीपूरला

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत माझा जुना स्मार्टफोन, नवा चार्जर आणि स्वतः लिहिलेली तीन पानी सूचनावही होती. मोठी मावशी अल्लीपूरला असते. वर्षभरापूर्वी तिचे कान पार गेले आणि रोज सकाळी फोनवर बोलणाऱ्या दोघी बहिणी, ती आणि आई, एकमेकींना मुकल्या. मेसेज सुरू करून दिले की प्रश्न मिटला, असं मी आईला सांगितलं. ऑफिसच्या संगणक विभागात पंचवीस वर्षं काढलेला माणूस असं सहज बोलून जातो.

वर्ध्याला उतरून एसटी पकडली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) पांढरी फुटली होती. शेजारच्या गृहस्थांनी येण्याचं कारण विचारलं, तेव्हा मी त्यांना इंटरनेट समजावून सांगू लागलो. ते मधल्याच एका फाट्यावर उतरले. त्यांचं गाव खरंच तिथे होतं का, याची मला आता शंका येते.

मावशीशी पाटीवर लिहून बोलावं लागतं. तिने गोळाभात (भातात शिजवलेले डाळीचे गोळे) वाढला. जेवून मी कामाला लागलो. तिचं सिम बसवलं, रेंज दिसली, पण इंटरनेट येईना. फोन बंद करून चालू केला. सिम काढून पुसलं. गच्चीवर गेलो, मग शेताच्या बांधापर्यंत; मावशी मागोमाग. शेवटी पाटीवर लिहिलं, ‘टॉवर खराब आहे.’

मावशीने ते वाचलं. शेजारची सून ओट्यावर बसून फोनवर व्हिडिओ बघत होती, तिच्याकडे पाहिलं.

“तिचा काऊन चालून राह्यला मंग?”

मी पाटी पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात नेलं. ते सुनंदाताई चालवतात. मी जड शब्द वापरून बिघाड सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्क्रीनवर बोट फिरवलं.

“भाऊ, डेटाचं बटन बंद आहे नं.”

घरी वायफाय असल्याने त्या बटणाशी माझा कधी संबंधच आला नव्हता.

मेसेजचं अ‍ॅप त्यांनीच सुरू करून दिलं. मग मी वही उघडून मावशीला टाइप करायला शिकवू लागलो. तिचं बोट भलत्याच अक्षरावर पडत होतं. ‘शांता’ हे आईचं नाव लिहायला पाच मिनिटं गेली आणि तेही पुसलं गेलं. सुनंदाताईंनी माझी वही बाजूला सारली आणि पाटीवर लिहिलं, ‘तुमी बोला. बहीण लिहीन.’ माइकचं चिन्ह कसं दाबून धरायचं ते दाखवलं.

ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मावशी मोठ्याने बोलली, “शांते, मी बोलून राह्यली. मले आयकू येत नाई. तू लिवजो.”

दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघू लागली. आई मेसेज लिहिते, पण फार हळू. दहा मिनिटांनी उत्तर आलं: ‘अक्का, तुझा आवाज ऐकला. जेवली का?’

मावशीने पदराने स्क्रीन पुसली आणि पुन्हा वाचलं. मी भिंतीवरच्या रिचार्जच्या जाहिराती वाचत राहिलो.

पुण्याला परतलो तेव्हा दोघींचं बरंच बोलून झालं होतं. आईने मला मावशीचा एक निरोप ऐकवला: “पोरगा मायाळू आहे. पण फोनातलं त्याले काई समजत नाई. त्याले काई म्हणू नोको.”

खरं तर माझं काम फोन तिथे पोचवण्याचं होतं आणि तेवढं मी चोख केलं. आई उत्तर लिहीत होती, एक अक्षर तिला सापडत नव्हतं. मी मदत करू का, असं विचारलं.

तिने फोन माझ्यापासून लांबच्या हातात घेतला.