खलबत्त्यातलं औषध

सोमवारी दुपारी माझे पती दुकानात रक्त ओकले. मंगळवारी ते गेले.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कार्यालयं आली, वसाहती आल्या, पाणी मात्र आलं नाही. त्या दुष्काळात गोलाईच्या बाजाराजवळच्या आमच्या भांड्यांच्या दुकानातून घागरी आणि ड्रम भराभर खपत. गिऱ्हाईक सोडून जेवायला उठायचं नाही, हा मोठ्या दिरांचा नियम होता. ते स्वतः वेळेवर जेवत.

पतींचं पोट दुखू लागलं तेव्हा मी त्यांना माझ्या माहेरी, नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून जठरात व्रण असल्याचं सांगितलं आणि आम्ल कमी करणाऱ्या कॅप्सूल दिल्या. औषध नवंच होतं. "अख्खी गिळा, जेवणाआधी. जखम भरून येईल," ते म्हणाले.

लातूरला परतल्यावर दिरांनी कॅप्सूल उजेडात धरून पाहिली. आमचं घर लिंगायत, खाण्यापिण्याचं सोवळं कडक.

"ह्याचं टरफल हाडापासून करतेत. माझ्या घरात हे कुणी गिळणार न्हाई."

"डॉक्टरांनी अख्खी घ्यायला सांगितलीय," मी पतींना म्हणाले.

लग्नाआधी मी शाळेत शिकवत असे. दीर माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर असले तरी भावाकडेच बघून म्हणाले, "तुझ्या मास्तरणीला सांग, औषध आत असतंय, टरफलात न्हाई."

रोज पूजा आटोपली की ते कॅप्सूल उघडत, आतले पांढरे दाणे खलबत्त्यात कुटत आणि दुधातून भावाला पाजत. दुधानं घटकाभर बरं वाटे. त्याचं श्रेय दीर घेत. मी पुन्हा विषय काढला की पती हसत. "लई कडू हाय बघ. पर दादाच्या हातचं हाय, न्हाई कसं म्हणू?"

त्या सोमवारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, औषध कसं घेत होते? मी सांगितलं. ते म्हणाले, "त्या दाण्यांवर लेप असतो. तो आहे म्हणून पोटातल्या आम्लात औषध टिकतं. कुटल्यावर काय राहिलं? आम्लानंच ते खाल्लं." दीर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

पतींना समाधी दिली. भेटायला माणसं येऊ लागली. उदगीरहून, औशाहून, बाजारातून. दीर ओसरीवर बसून प्रत्येकाला सांगत, "इंग्रजी औषधानं खाल्लं माझ्या भावाला. आमी किती जपलं, पर उष्णता झाली."

तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी आतून बाहेर आले आणि प्रथमच त्यांच्याकडे बघून बोलले.

"औषध त्यांच्या पोटात गेलंच नाही, भावजी. तुम्ही ते खलबत्त्यात संपवलंत. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय."

दीर जाऊबाईंना म्हणाले, "तिला आत ने. डोकं ठिकाणावर न्हाई तिचं."

जाऊबाईंनी माझा दंड धरला. तो मी सोडवून घेतला.

पुढे मी नांदेडला आले. लातूरच्या नातेवाइकांत आजही तीच उष्णतेची गोष्ट चालते, आणि मी दुःखानं भ्रमिष्ट झालेली बाई आहे. इथे मला शाळेची नोकरी आहे, दोन खोल्या आहेत, पुस्तकं आहेत. राग आहे. तो कमी झालेला नाही.