काकांच्या स्टिअरिंगचं कव्हर

माझी मावशी क्रोशाची सुई घेऊन बसली की तिच्याशी बोलायला ओळ संपेपर्यंत थांबावं लागे. मध्येच कुणी काही विचारलं तर ती तोंडातल्या तोंडात टाके मोजत मान हलवायची, आणि ती मान हो म्हणतेय की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. काका, म्हणजे मावशीचे मिस्टर, सांगायचे की लग्नाला होकारही तिनं असाच दिला. ती टाके मोजत होती आणि त्यांच्या घरच्या मंडळींचा गैरसमज झाला.

मी तेव्हा त्यांच्याकडे राहून कॉलेजात शिकत होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. घर लहान, पण उघडीवाघडी वस्तू एकही नाही. फ्रीजच्या मुठीला कव्हर, पाण्याच्या बाटलीला कव्हर, दाराच्या कडीलासुद्धा. काकांचा या सगळ्यावर राग नव्हता, फक्त टिंगल होती. फार वेळ एका जागी बसलो तर मलाही विणून गुंडाळशील, म्हणायचे.

त्यामुळे त्यांनी एके दिवशी आपण होऊन स्टिअरिंगला कव्हर विणून मागितलं, तेव्हा मावशी हरखून गेली.

काका एका केंद्राची व्हॅन चालवायचे. म्हातारी माणसं तिथे दिवसभरासाठी यायची. व्यायाम, जेवण, पत्ते, थोडी झोप, आणि संध्याकाळी घरी. सकाळी घरोघरून त्यांना गोळा करायचं आणि संध्याकाळी पोचवायचं, हे काकांचं काम. कुणाला खिडकी लागते, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाचा गुडघा कुठल्या बाजूचा दुखतो, सगळं त्यांना पाठ. त्यांचं चालवणं इतकं संथ, की मागे बसून आज्या सुईत दोरा ओवायच्या. घरी आले की ते सगळ्यांच्या नकला करून दाखवत. मास्तरांची नक्कल सगळ्यात छान जमायची. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते रोज काकांच्या मागच्याच सीटवर बसून त्यांच्या चालवण्याला तोंडी मार्क देत आणि कधीच पैकीच्या पैकी देत नसत.

मावशीनं दोऱ्यानं स्टिअरिंगचा घेर आणि जाडी मापून आणली. लोकर घसरते म्हणून तिनं जाड सुती दोरा घेतला, गडद हिरवा. लांब पट्टी विणायची, टोकं जोडून कडं करायचं, ते चाकावर ताणून बसवायचं आणि आतल्या बाजूनं शिवून टाकायचं, असा तिचा बेत. पट्टी मापापेक्षा जरा आखूडच विणली, म्हणजे ताण बसून ती हलणार नाही.

काकांची मात्र एक अट होती. नक्षी नको, जाळी नको. हात जिथे ठेवतो तिथे दोन्ही बाजूंना उठावाच्या उभ्या रेघा हव्यात, चांगल्या जाड. मावशीनं करून दाखवल्या तर ते म्हणाले, आणखी जाड कर, हाताखाली काहीतरी लागलं पाहिजे. तिनं उसवून पुन्हा विणलं. तेव्हा तिला वाटलं, शेवटी एकदा नवऱ्याला आपल्या कामात रस आला.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं केंद्राच्या आवारात गेलो. व्हॅन तिथेच उभी असे. मावशी ड्रायव्हरच्या सीटवर बसली, काका दारात उभे राहून कडा दाबून धरू लागले, आणि ती दाभणानं शिवू लागली. काका मास्तरांच्या घोरण्याची नक्कल करत होते. मी मागच्या सीटवर हसत होते. बोलता बोलता मावशीचा हात थांबला. दाभण कव्हरमधून आरपार जाऊन काकांच्या बोटात घुसलं होतं. हिरव्या दोऱ्यावर रक्त आलं होतं, आणि काका अजून घोरत होते.

"अहो," मावशी म्हणाली.

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग ती जिथे पाहत होती तिथे. मग त्यांनी बोट झटकन तोंडात घातलं आणि दुखल्यासारखा चेहरा केला. पण तो चेहरा उशिरा आला होता.  उरलेले टाके मावशीनं काकांना हात लावू न देता घातले.

घरी आल्यावर तिनं विचारलं. काकांनी आधी उडवून लावलं. मग म्हणाले, थंडी सुरू झाल्यापासून हातांना मुंग्या येतात, येतात आणि जातात. कधी कधी हात चाकावर आहे की नाही ते बघावं लागतं. म्हणून त्या रेघा हव्या होत्या, जाड असल्या की थोडं तरी कळतं. मावशी खाली बसली. ती म्हणाली की उद्याच डॉक्टरकडे जाऊ. काका म्हणाले, डॉक्टर कागदावर लिहून देईल आणि मग गाडी हातातून गेलीच. दुसरं काही येत नाही मला. गाडी सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा आठवडाभर सुट्टी आहे, तेव्हा दाखवू. तोपर्यंत सांभाळून चालवतो.

मावशीनं ते मान्य केलं. मनापासून नाही, पण केलं. त्यानंतर रोज संध्याकाळी काका यायच्या सुमाराला ती विणकाम खाली ठेवायची आणि नुसती बसून राहायची. फाटकाचा आवाज आला की उठून चहा टाकायची. केंद्रातल्या आज्यांना कव्हर फार आवडलं होतं. दोघीतिघींनी आपापल्या मुलांच्या गाड्यांसाठी तसंच हवं म्हणून निरोप पाठवले. एरवी मावशी खुशीनं लागली असती कामाला. आता ती म्हणाली, बघू.

सर्व्हिसिंगच्या आधीच ते घडलं. केंद्राच्या फाटकाशी वळण घेताना व्हॅन वळलीच नाही. सरळ कट्ट्यावर चढून खांबाला धडकली. वेग कमी होता म्हणून वाचले सगळे. कुणाला खरचटलं, कुणी घाबरून रडलं. मास्तर मात्र पुढच्या दांडीवर आपटले आणि त्यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

मावशीला फोन आला तेव्हा ती भाजी निवडत होती. आम्ही दोघी तशाच रिक्षानं हॉस्पिटलात गेलो. काका पॅसेजमध्ये बाकावर बसले होते, हात मांडीवर उपडे ठेवून. त्यांना काही लागलं नव्हतं. केंद्राच्या मॅनेजरबाई मावशीला बाजूला घेऊन फार सौम्यपणे बोलल्या. ताई, तुम्ही प्रेमानं केलंत, तुमचा हेतू वाईट नव्हता. पण असल्या वस्तू गाडीला लावायच्या नसतात. ऐन वळणावर कव्हर सरकलं आणि यांच्या हातातून चाक सुटलं.

मावशीनं काकांकडे पाहिलं. काका फरशीकडे बघत होते.

ती म्हणाली, "हो. चुकलं माझं."

मग जो तो तिला बोलू लागला. मास्तरांची मुलगी घरी येऊन दारातच उभी राहिली आणि वडिलांचं आता या वयात काय होणार ते सांगून रडली. मावशीनं तिला पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. माझी आईसुद्धा फोनवर म्हणाली, हिला कुणी सांगितले होते हे नसते उद्योग. शेजारची एक बाई सहज बोलल्यासारखं म्हणून गेली की हौसेपायी माणसं मरतात हो. मावशी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, की चुकलं. काका त्या वेळी घरात असले तर उठून आतल्या खोलीत जायचे.

केंद्रानं ते कव्हर प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत पाठवलं. मेकॅनिकनं ते ब्लेडनं कापून काढलं होतं. मावशीनं ते जेवणाच्या टेबलावर पसरलं. शिवण जिथल्या तिथे होती, एकही टाका ओघळला नव्हता. कापल्याशिवाय ते निघालंच नसतं. तिनं ते मला दाखवलं नाही, कुणालाच दाखवलं नाही. पण मी तिथेच अभ्यासाला बसले होते आणि मला दिसलं.

व्हॅन दुरुस्त झाली. मॅनेजरबाईंनी काकांना निरोप दिला की दोष तुमचा नव्हता, सोमवारपासून या. काकांचा चेहरा किती तरी दिवसांनी सैल झाला. रविवारी दुपारी त्यांनी बूट पॉलिश करायला घेतले. मावशी त्यांच्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात विणकामाची पिशवी होती.

तिनं पिशवी त्यांच्या पुढ्यात धरली आणि म्हणाली, यात एक लोकरीचा गुंडा आहे आणि एक सुतळीचा. न बघता लोकरीचा काढून द्या.

काका हसले. ती हसली नाही. त्यांनी मान वळवून पिशवीत हात घातला, बराच वेळ चाचपलं आणि सुतळी काढली. त्यांनी ती परत टाकली आणि पुन्हा हात घातला. पुन्हा सुतळीच आली.

"दोन्ही सारखेच तर लागतात," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं.

मी उठून जायला हवं होतं, पण उठायला जमलं नाही.

"बोलणी मी खाल्ली, आणखीही खाईन," मावशी म्हणाली. "पण माझ्यावर खापर फुटलं म्हणून तुम्हाला गाडी परत मिळतेय. उद्या त्यात माणसं बसतील."

"मग काय करू? घरी बसू?"

"तुम्ही जाऊन सांगा. नाहीतर मी सांगेन."

"तू नाही सांगणार," काका म्हणाले. त्यात राग नव्हता. त्यांची तशी खात्रीच होती.

सोमवारी मी उठले तेव्हा मावशी घरात नव्हती. मला चहा ठेवायला सांगणारी चिठ्ठी नाही, काही नाही. काका तयार होऊन बाहेर आले आणि ही कुठे गेली म्हणाले. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते थोडा वेळ दाराच्या कडीकडे बघत उभे राहिले. मग चहा न घेताच निघाले.

तिथे काय झालं ते मला पुढे मावशीनं सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं. ती केंद्र उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसली होती. मॅनेजरबाईंना तिनं सगळं सांगितलं, बोटात गेलेल्या दाभणापासून. बाईंचा आधी विश्वास बसेना. त्यांना वाटलं, ही आपल्या अंगावरचा दोष झटकतेय. तेवढ्यात काका दारात आले. टेबलावर व्हॅनची किल्ली होती. बाईंनी विचारलं, या म्हणतात ते खरं का. काका किल्लीकडे बघत राहिले, पण त्यांनी ती उचलली नाही. हो, म्हणाले.

त्यानंतर घरात अबोला आला. काका बाहेरच्या खोलीत झोपू लागले. ताट वाढलं की जेवत, पण नजर वर करत नसत. काही हवं असेल तर मला सांगत, आणि मावशी हातभर अंतरावर असली तरी मी तेच तिला पुन्हा सांगायचं. केंद्रातली बातमी पसरली होती, आणि आता कुणी दुसरीही गाडी आपल्या हातात देणार नाही हे त्यांना कळत होतं. नकला बंद झाल्या. मावशीचं वजन उतरलं. एकदा मी तिला म्हटलं, तू बरोबरच केलंस. ती म्हणाली, बरोबर केलं म्हणून झोप लागते असं कुणी सांगितलं तुला? खरं म्हणजे बोटातून रक्त आलं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मास्तरांचं हाड माझ्या गप्प बसण्यानं मोडलं.

मास्तरांना भेटायला ती नेमानं जायची. त्यांच्या मुलीनं पहिल्यांदा दार उघडलं ते नाइलाजानं. मास्तर हात गळ्यात अडकवून बसलेले असत. कव्हरचं काही नव्हतं, हे तिनं त्यांना स्वतः सांगितलं आणि ड्रायव्हरचं काय होतं तेही सांगितलं.  मास्तर म्हणाले, मला कळायला हवं होतं, हल्ली तो वळणावर हातांकडे बघायचा. मी त्याचे मार्क कापायचो त्याबद्दल. हाड जुळलं, पण तो हात त्यांना पुढे कधी डोक्याच्या वर नेता आला नाही.

डॉक्टरकडे जायला काका शेवटी तयार झाले, ते मावशीच्या सांगण्यावरून नव्हे. त्यांच्या हातून गरम पातेलं धरलं गेलं आणि तळवा भाजला, आणि तेही त्यांना वासावरून कळलं. मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. मानेच्या मणक्यात नस दाबली गेली होती. ऑपरेशन करावं लागेल, आणि गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. त्यांनी माहिती लिहून घेताना विचारलं, हे नेमकं कधी सुरू झालं. काकांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मावशी भिंतीशी उभी होती. मला वाटलं आता मलाच बोलावं लागणार.

"हिला विचारा," काका डॉक्टरांना म्हणाले. "माझ्यापेक्षा हिला जास्त माहीत आहे."

इतक्या दिवसांनी त्यांनी तिच्याविषयी काही म्हटलं होतं. मावशी पुढे आली, खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली.

ऑपरेशन झालं. एका हाताची बोटं बरीच सुधारली, दुसऱ्या हाताचा अंगठा तेवढा. गाडी ते पुन्हा चालवू शकले नाहीत. एका वाहतूक कंपनीत त्यांना फोनवर बसायचं काम मिळालं, कुठली गाडी कुठे न्यायची ते ड्रायव्हरना सांगायचं. ते काम त्यांना आवडलं असं नाही. रस्त्यानं चालताना एखादी व्हॅन गेली की ते तिच्या मागे बघत राहतात. मावशीची त्यांनी कधी माफी मागितली नाही, निदान माझ्या देखत तरी नाही. एकदाच म्हणाले होते, की हिनं तोंड उघडलं नसतं तर मी आज गाडीवर असतो. मग जरा थांबून, की गाडीवर असतो किंवा तुरुंगात.

मी नोकरीला लागून दुसरीकडे गेले. मध्यंतरी त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी काका कामावर निघताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन हनुवटी वर करून उभे राहिले. शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण त्यांना लावता येत नाही. मावशी पोळी लाटत होती. हाताला पीठ होतं, म्हणून ती थांबा म्हणाली. काका तसेच मान वर करून थांबले. तिनं पोळी तव्यावर टाकली, हात पुसले आणि बटण लावून दिलं.  काका डबा घेऊन गेले, आणि ती पोळी उलटायला वळली.