दाजींनी निवडलेली शांतता

देवानं माणसाला पाच इंद्रियं दिली. आमच्या दाजींना मात्र नुसते कान दिले आणि बाकीच्या चारांची भरपाई म्हणून घसा दिला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कोल्हापुरात पेठेत त्यांचं माडीचं घर आहे. कलिंगड सगळेच वाजवून घेतात, पण दाजी घागर, भोपळा, दाराची फळी, काहीही वाजवल्याशिवाय घेत नाहीत. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी पाहुण्यांची भिंत बोटानं वाजवून बघितली आणि बाहेर पडल्यावर भर रस्त्यात जाहीर केलं, "घर पोकळ हाय, पावणं!" ते आत ऐकू गेलं आणि स्थळ मोडलं. महाद्वार रोडला चपला घ्यायला गेले, की त्या पायाला बसतात का हे आक्का बघायची. दाजी डोळे मिटून करकर ऐकायचे. डाव्या चपलेची करकर उजवीपेक्षा बारीक येते म्हणून त्यांनी एका दुकानदाराला दुपारभर जोड बदलायला लावले होते. त्या दुकानात आक्का पुन्हा कधी गेली नाही.

धंदाही जन्मभर आवाजाचाच केला. सुरुवातीला सायकलीला दोन कर्णे बांधून लग्नं आणि बारशी, मग टेम्पो आणि शेवटी भिंतीएवढे बॉक्स. पेठेतल्या मंडळाच्या मिरवणुकीत पहिला मोठा साउंड लावला तो दाजींनीच. "कानानं ऐकत्यात ते भजन. मिरवणूक छातीनं ऐकायची," असं ते मंडळाच्या पोरांना सांगायचे, आणि बापाचं कधी न ऐकणारी पोरं दाजींचं ऐकायची. मिरवणुकीच्या दिवशी साउंडवर पहिला नारळ दाजींनी फोडायचा, अशी पेठेत रीतच पडली. पुढं त्यांनी धंदा विकला, बॉक्स दुसऱ्याचे आले, पण नारळाचा मान दाजींकडेच राहिला.

मागच्या वर्षी आक्काचं हृदय दुबळं झालं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि मोठ्या आवाजापासून जपा म्हणून सांगितलं. आता मिरवणूक जाते ती आक्काच्या दारावरून, आणि नुसती जात नाही, पुढचं मंडळ हलत नाही म्हणून तिथंच ठाण मांडून बसते. मी म्हटलं, "त्या दिवसापुरतं मुरगूडला आमच्याकडं या." दाजी उसळले. "माझ्या घरातनं पळून जायला मी काय चोरी केलीया व्हय?" तेवढ्यात शेजारच्या कॉलेजातल्या मुलीनं सांगितलं, की बाहेरचा आवाज मारणारे बिनवायरीचे हेडफोन मिळतात. आवाजावर उलटा आवाज सोडून तो मारतात, हे कळल्यावर दाजींचे डोळे लकाकले. काट्यानं काटा काढायची कल्पना त्यांना मनापासून पटली.

मग राजारामपुरीतल्या दुकानांचे ग्रह फिरले. दुकानातला तरुण बॅटरी किती चालते, ब्लूटूथ कसं जोडायचं ते सांगू लागला, की दाजी हेडफोन चढवून म्हणायचे, "ते ऱ्हाऊ दे. आता मला शिवी दे."

"काय काका?"

"शिवी! कोल्हापूरचा हाईस न्हवं? दे की मोकळ्या मनानं. ऐकू आली तर तुझा माल तुला."

तो बिचारा लाजत "मूर्ख" म्हणाला. दाजींनी ते ऐकलं आणि हेडफोन आणि शिवी दोन्ही नापास केले. मग मिक्सर घ्यायला आलेले एक गृहस्थ आपणहून पुढं सरसावले आणि त्यांनी दाजींच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. दाजींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "पंखा गेला, एसी गेला, शिवी तेवढी ऱ्हायली. दुसरा दाखव." असं करत करत गादीसारख्या जाड कानांचा एक हेडफोन सापडला. त्यात गृहस्थांचे ओठ हलताना दिसले, शब्द पोचला नाही. दाजींनी त्यांना मिठी मारली.

घरी आल्यावर परीक्षा आक्काच्या डोक्यावर. मिक्सर लावला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दाजींनी मागून परात आपटली. आक्का मांडी घालून ढिम्म बसलेली. "डोस्क्यावर कढई पालथी घातल्यागत वाटतंय," असं म्हणत ती इतकी हसली, की तिला धाप लागली. मीही हसलो. मिरवणुकीचा आवाज माणसात कुठून शिरतो हे आमच्यात एकट्या दाजींना ठाऊक होतं, आणि बायकोसाठी कान शोधता शोधता नेमके तेच विसरले होते.

मिरवणुकीच्या दिवशी मी तिथंच होतो. दुपारी बॉक्सची भिंत दारासमोर येऊन थांबली. फळीवरची भांडी चालायला लागली, खिडकीची काच थरथरू लागली. आक्कानं हेडफोन चढवले होते. आधी तिनं हातानंच "छान" अशी खूण केली. मग तोच हात हळूहळू छातीवर गेला आणि तिथंच राहिला. तिचा चेहरा पांढरा पडला. "कानात काय न्हाय वं," ती म्हणाली, "हितं येतंय."

दाजी तसेच अनवाणी खाली धावले. मी माडीवरून बघत होतो. त्यांना बघताच पोरांनी जल्लोष केला. नारळाला दाजी आले! दाजी हात जोडत होते, तोंड उघडत होते, आणि ज्या घशानं भर रस्त्यातून माझं स्थळ मोडलं होतं तो घसा कुणालाही ऐकू येत नव्हता. पोरं पाया पडली. एकानं फेटा चढवला, दुसऱ्यानं हातात नारळ दिला. अध्यक्षानं शेवटी कान त्यांच्या तोंडाशी नेला, तो हसला आणि त्यांच्या कानात काहीतरी ओरडला. मग दाजींच्या मानासाठी आवाज आणखी एक घर वर गेला. "छातीनंच ऐकायची आसती म्हणून तुम्हीच शिकीवलंय की, दाजी!" असं तो म्हणाला होता. ते दाजींनी मला दवाखान्यात सांगितलं, डोक्यावर तो फेटा तसाच असताना. मागच्या बोळातून आक्काला रिक्षात घालून आम्ही तिथं पोचलो होतो. त्या पोरांचा मला आजही राग येतो. त्याहून जास्त दाजींचा येतो, आणि तो काढायला माझ्याकडे तोंड नाही, कारण त्यांच्याइतकं आक्काला कुणी जपलेलं मी बघितलेलं नाही.

आक्का वाचली. पण डॉक्टरांनी तिला पेठेत न्यायची नाही म्हणून बजावलं, कारण तिथं आज जयंती, उद्या वरात, परवा कुणाचा तरी वाढदिवस. म्हणून ती मुरगूडला आमच्याकडे असते. दाजी आले नाहीत. "पेठ गप्प करतो आनि मग तुला न्हेतो," म्हणून मागं राहिले. रोज मंडळाच्या कट्ट्यावर जाऊन पोरांना समजावतात. पोरं त्यांना खुर्ची देतात, चहा पाजतात, "व्हय व्हय दाजी" म्हणतात आणि पुढच्या वरातीला बॉक्स वाढवतात. आवाजाचा हा माणूस आता पेठेत चेष्टेचा विषय झाला आहे.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. आक्काचे हेडफोन ते स्वतः घालून बोलतात. त्यातून तिचा आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येतो म्हणे. आक्का फोन स्पीकरवर ठेवते, म्हणून आम्हालाही सगळं ऐकू येतं. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, म्हशीचं दूध नको पिऊस. परवा बोलता बोलता दाजी मध्येच थांबले.

"तुला धाप लागलीया," ते म्हणाले. "येगळी हाय. कालच्यापरास मोठी हाय."

आक्का सकाळपासून खाटेवरून उठली नव्हती. तिनं माझ्याकडे बघून गप्प राहायची खूण केली आणि म्हणाली, "आत्ताच जिना चढून आलो न्हवं, म्हणून."

मुरगूडचं आमचं घर बैठं आहे. त्याला जिना नाही, आणि दाजी या घरात शंभरदा येऊन गेले आहेत.

मग दाजी, मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं इतक्या हळू आवाजात, म्हणाले, "बरं. सावकाश चढत जा."