दाजींचा सा

जगात बेसूर माणूस जन्मालाच येत नाही, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझा थोरला साडू आहे. बेसूर कोंबडा नाही, बेसूर म्हैस नाही, पालमच्या बाजारात भोंगा लावून कांदे विकणारा गाडीवालासुद्धा त्यांच्या लेखी बेसूर नाही. "त्याला त्याचा सा सापडला न्हाई अजून, एवढंच," असं ते म्हणतात, आणि त्या कांदेवाल्याची त्यांना इतकी कणव येते की घरात कांदे असतानाही ते आणखी किलोभर घेऊन येतात. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला साडूभाऊ म्हणतात. पण त्यातला 'भाऊ' जरा लांबवून म्हणतात, आणि तो नेमका कोणत्या स्वरावर ठेवला हे मी ओळखावं अशी त्यांची अपेक्षा असते.

दाजी एसटीत मेकॅनिक होते. गाडी दुरुस्तीला आली की बाकीचे लोक बॉनेट उघडून आत डोकावायचे; दाजी डोळे मिटायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि जुनं पत्र कुणी वाचून दाखवतंय अशा चेहऱ्यानं ऐकत उभं राहायचं. मग म्हणायचे, "तिसऱ्याचा घसा बसलाय." गाडी खोलली की तिसरंच सिलिंडर निघायचं. निवृत्त झाल्यावर लोक शेतात लक्ष घालतात, नाही तर राजकारणात. दाजींनी विहारातल्या गाण्याच्या मंडळाची जुनी पेटी स्वतः दुरुस्त केली, घरच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकली आणि सरगम शिकवायचा वर्ग काढला. लहान मुलांना प्रवेश नाही. "लेकरांना कुणीबी शिकवतंय," ते म्हणाले, "मला मोठी मान्सं पायजेत. ज्यांना लहानपणी कुणीतरी 'तू गप बस' म्हणलेलं हाय, ती."

मी त्यातलाच. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला पहिल्या रांगेतून उचलून शेवटच्या रांगेत उभं केलं होतं आणि नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. ते मी इमानदारीनं पुढं पस्तीस वर्षं केलं: लग्नांत, सभांत, कचेरीतल्या निरोपसमारंभांत. हे मी एकदा दाजींना गमतीत सांगितलं. ते हसले नाहीत. "रविवारी साडेआठला या," म्हणाले.

त्यांच्याबरोबर कुठं जाणं म्हणजे एक संकटच. एकदा आक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एक ताट घ्यायचं होतं. दाजींनी दुकानातली एकोणीस ताटं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. दुकानदार बेजार होऊन म्हणाला, "मामा, जेवायचंय का वाजवायचंय?" दाजी शांतपणे म्हणाले, "जेवताना वाटी लागली तर वाजणारच की. रोज दोन टाइम कान कामून खराब करून घ्यायचा?" आणखी एकदा आम्ही एका दुःखाच्या घरी भेटायला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, वर पंखा घुमत होता. दाजी माझ्या कानाशी झुकले. मला वाटलं, मयत झालेल्याबद्दल काही सांगतात. ते कुजबुजले, "पंखा मध्यमावर हाय. जरा चढा." मला असलं हसू आलं की मी रुमालात तोंड खुपसलं, आणि घरच्या लोकांनी मलाच पाणी आणून दिलं.

वर्गात आम्ही पाच-सहा जण. एक पंचायत समितीतल्या बाई, एक पेडगावहून येणारे निवृत्त गुरुजी आणि गावाच्या कडेच्या वस्तीवर राहणाऱ्या शेळ्यावाल्या मावशी. मावशी यायच्या त्या काठी दाराशी टेकवून, आणि बसायच्या दारातच, म्हणजे शेळ्यांवर नजर राहते. पहिले दोन महिने दाजींनी आम्हाला तोंड उघडू दिलं नाही. ते पेटीवर एक स्वर धरायचे आणि आम्ही नुसता ऐकायचा. "गळा मागून येतोय," ते म्हणायचे. "आधी कान. कानाला घर दिसलं की गळा आपोआप दार हुडकतोय." तिसऱ्या महिन्यात त्यांनी सा लावायला सांगितला. मावशींचा पहिल्याच दमात लागला. सरळ, जाड, अजिबात न हलणारा. अर्धं शिवार ओलांडून शेळ्या परत बोलावणारा आवाज तो. त्याला खोलीभर अंतर म्हणजे काय! माझा लागायला आठ आठवडे गेले.

पण माझं खरं दुखणं मध्यम होतं. सा रे ग इथवर मी कसाबसा यायचो आणि म-ला हटकून उडी मारायचो. दाजींनी शेवटी एसटीच काढली. "हे बगा साडूभाऊ. सा बसलाय. मग एक शीट मोकळी. मग रे. परत एक शीट मोकळी. मग ग. आता ग आणि म हे नवरा-बायको हायत, चिकटून बसतेत, मधी मोकळी शीट न्हाई. तुमी उगं त्यांच्या मधी कंडक्टर घालायलाव." पुढं प, ध, नि हे पुन्हा एकेक जागा सोडून, आणि नि अन् वरचा सा हे दुसरं जोडपं. त्या दिवसापासून मी कचेरीत येता-जाता मनातल्या मनात ग आणि म यांना जवळ बसवत असे. तरी माझं बरोबर आलं की चुकलं, हे मला स्वतःला कधी कळायचं नाही. मी दाजींच्या भुवईकडं बघायचो. भुवई वर गेली की चुकलं.

गेल्या हिवाळ्यात दाजींना मोठी सर्दी झाली. सर्दी गेली, पण एका रविवारी पेटीवर बोट ठेवून ते थबकले आणि म्हणाले, "पेटी उतरली." दुसऱ्या दिवशी मांडीवर पेटी घेऊन बसनं परभणीला जाऊन आले. पेटीवाल्यानं सगळे स्वर तपासले आणि पेटीला काही झालं नाही म्हणून परत दिली. दाजींनी त्याला मनातून नापास करून टाकलं. पुढच्या रविवारी आम्ही आरोह म्हणत होतो. मावशींनी पंचम लावला, नेहमीसारखा, खांबासारखा. दाजींची भुवई वर गेली. "मावशी, तुमी चढायलाव."

मावशींनी त्यांच्याकडं बघितलं. मग "बरं" म्हणाल्या आणि थोडा खाली घेतला. दाजींनी मान हलवली, पण पेटीचा भाता थांबला. त्यांनी एकदा पेटी वाजवली, एकदा मावशींना म्हणायला लावलं, पुन्हा पेटी वाजवली. आणि म्हणाले, "थोडे दिवस सुट्टी घेऊ."

थोडे दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे झाले. एका संध्याकाळी आक्कांचा फोन आला. "भाऊ, जरा येऊन जाता का? हे लय गप झालेत. काल कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी काय बोलले न्हाईत." हे ऐकून मात्र मी घाबरलो. ज्या घरात कुकरच्या प्रत्येक शिट्टीवर स्वतंत्र मत ऐकावं लागतं, त्या घरात पाच शिट्ट्या मुकाट जाणं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

दाजी खोलीत बसले होते. पेटीवर चादर टाकलेली. मी समोर बसलो. बराच वेळ त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं, मग एकदम म्हणाले, "उजव्या कानानं ऐकलं की एक सा येतोय. डाव्यानं ऐकलं की दुसराच. दोन्ही उघडे ठिवले की दोघं भांडतेत. खरा कोणता, मला कळंना, साडूभाऊ." हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता, जणू आयुष्यभर ज्या माणसावर भरवसा टाकला त्यानंच खोटं बोलावं. मग त्यांनी चादर काढली. "मी पेटी वाजवतो आणि सा लावतो. तुमी सांगा, लागला का."

मी? भुवईवर जगणारा माणूस मी. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की ते काहीही म्हणोत, 'लागला, दाजी' म्हणायचं आणि चहा पिऊन घरी जायचं. त्यांनी पेटीवर सा धरला. डोळे मिटले. आणि आवाज लावला.

तो लागला नव्हता. पेटीचा स्वर एका जागी होता आणि दाजींचा त्याच्या जरासा खाली, पायरीवरून अर्धं पाऊल घसरल्यासारखा. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. कुणाच्या भुवईकडं न बघता. दाजींचे डोळे मिटलेले होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आपोआप कळलं होतं, की हे चुकलंय. एवढी मोठी गोष्ट झाली आणि मी रडायच्या बेताला आलो, कारण चुकलं होतं ते त्यांचं.

त्यांनी डोळे उघडले. 'लागला' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला.

"खाली हाय, दाजी," मी म्हणालो.

"किती?"

"थोडा. पण हाय."

दाजींनी एकदम आत हाक मारली, "ऐकलंव का! साडूभाऊला कळायलंय!" आक्का पदराला हात पुसत धावत आल्या. त्यांना आधी वाटलं, काही तरी वाईट झालं. दाजी हसत होते आणि डोळेही पुसत होते, आणि नेमकं कशासाठी काय चाललंय हे त्या बिचारीला कितीतरी वेळ कुणी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना परभणीला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. बसमध्ये दाजी एक अक्षर बोलले नाहीत. इंजिनाबद्दलसुद्धा नाही. दवाखान्यात एका काचेच्या खोलीत त्यांना बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. तपासणारी मुलगी बाहेर यंत्रापाशी, मी तिच्या मागं उभा. पहिला आवाज आला असावा. दाजींनी बटण दाबलं आणि आतून ओरडले, "पंचम! जरा उतरलेला!"

"आजोबा, नुसतं बटण दाबा," मुलगी म्हणाली.

"दाबलं की. पर उतरलेला हाय."

पाच-सहा स्वरांची नावं त्यांनी अशी सांगितली. मुलगीही हसायला लागली. मग हळूहळू ती आवाज वर वर नेत गेली, आणि दाजी बोलायचे थांबले. मग बटण दाबायचेही थांबले. मुलगी यंत्रावरची कळ फिरवत होती आणि आत दाजी बटणावर अंगठा ठेवून, मान किंचित कलती करून, अतिशय आज्ञाधारकपणे वाट बघत बसले होते. काही येत नव्हतं. तो एक-दोन मिनिटांचाच वेळ असेल. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

डॉक्टर भले निघाले. त्यांनी डाव्या कानात बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पडद्याच्या मागं पाणी साचलंय. सर्दीचं. त्यानंच दोन कानांत फरक पडला असणार. औषध देतो, उतरेल ते." मी एवढा मोठा श्वास सोडला की डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते दाजींना म्हणाले, "अगदी बारीक, उंच आवाज मात्र दोन्ही कानांना येत नाहीयेत. ते वयाचं आहे, ते परत येणार नाही. पण गाण्याला त्यांचं काही काम नसतं."

दाजी उठता उठता म्हणाले, "इंजिनाला कान लावून नोकरी केली, डॉक्टरसायब. थोडं त्यानं ठिवून घेतलं असंल." येताना बसस्टँडवर आम्ही दोघांनी दोन-दोन प्लेट भजी खाल्ली. मला आठवतं, त्या भज्यांत मीठ जास्त होतं आणि तसली भजी मी पुन्हा कधी खाल्ली नाहीत.

पंधरा-सतरा दिवसांनी भल्या सकाळी फोन वाजला. "साडूभाऊ!" तो 'भाऊ' खूप लांबला. "एकच सा! दोन्ही कानांत एकच! आक्काला इचारा!" आक्का मागून म्हणत होत्या, "मला काय इचारायचं, चार वाजल्यापासून पेटी वाजायलीय."

रविवारी वर्ग भरला. दाजी आधी मावशींसमोर बसले. "मावशी, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. माजं चुकलं." मावशी बाहेर शेळ्यांकडं बघत म्हणाल्या, "मला ठाव होतं. पर तुमी बिमार दिसत होता. म्हनून मीच जरा खाली उतरले." दाजींनी घाईनं भाता ओढला आणि आम्हाला सुरू करायला सांगितलं. त्या दिवशी मी वरच्या सापर्यंत गेलो आणि परत खाली आलो, ग-म चिकटून, नि-सा चिकटून. कुणाचीच भुवई बघितली नाही.

अजूनही वर्ग चालतो. नवी माणसं येतात, दोन महिने गप बसतात. दाजी पूर्वीसारखेच नखरे करतात. परवा त्यांनी माझ्या कचेरीच्या नव्या डब्याचं झाकण वाजवून नाक मुरडलं. फक्त एक गोष्ट मी आक्कांनाही सांगितलेली नाही. मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. ऊन उतरलं होतं, समोरच्या तुरीत रातकिड्यांनी सुरुवात केली होती. मी त्याकडं लक्षही दिलं नसतं. दाजी माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "किडे वाजायलेत का?"

"वाजायलेत," मी म्हणालो.

"लय?"

"लय."

ते तुरीकडं वळले. मग हळूच म्हणाले, "वाजू द्या," आणि मी आणखी काही सांगेन म्हणून माझ्याकडं सरकून बसले.