न शिकवलेलं बटण

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते सांगतो. माझ्या सासऱ्यांचे कान उत्तम आहेत. त्यांना गाणी कमी ऐकू येतात ती माझ्यामुळे.

धोंड्याचा महिना होता, म्हणून जावयाचं जेवण करायला अमडापूरला गेलो होतो. गुडघ्यांमुळे सासरे बैठकीतल्या पलंगावरूनच गाणी ऐकतात. अ‍ॅम्प्लिफायर वरच्या फळीवर, पेन ड्राइव्हचा प्लेअर खालच्या, दोघांचे रिमोट वेगळे, आणि कोणता कशाचा यावरून सासू-सासऱ्यांत रोजची चकमक. म्हणून मी शिकणारा रिमोट नेला होता. दुसऱ्या रिमोटांची बटणं उचलतो आणि सगळी कामं एकटा करतो.

जेवण झाल्यावर पाटावर एकेक जुना रिमोट नव्याच्या तोंडाला तोंड लावून ठेवला. नव्यावरचं शिकायचं बटण दाबून धरलं, लाल दिवा लागला. मग नव्याचं एक बटण, लगेच जुन्याचं तेच. दिवा लुकलुकला की तेवढं शिकला.

सासूबाई पदराला हात पुसत बघत होत्या. "हा त्याच्या तोंडाकडं पाहून शिकते काय, जवाईबुवा?"

"हाव, मामीजी."

"मंग यायले काऊन नाई जमलं? लग्न झाल्यापासून मी तोंडासमोरच हावो."

"शिकवनारा रिमोट बरोबर पायजे ना," सासरे पलंगावरून म्हणाले.

चालू-बंद शिकवलं, पुढचं गाणं, मागचं गाणं. राहिला आवाज. सासऱ्यांना कव्वाली लागते ती खिडकीची तावदानं थरथरतील अशी. आणि मला तुपातल्या धोंड्यांनंतर झोप हवी होती, त्याच बैठकीत, समोरच्या दिवाणावर. अ‍ॅम्प्लिफायरच्या जुन्या रिमोटनं आवाज हळूच उतरवला आणि आवाजाची बटणं शिकवलीच नाहीत.

सासऱ्यांनी ती दाबून पाहिली. "हे काऊन चालत नाईत?"

"ती टीव्हीची आहेत, मामाजी. या मशीनला लागू नाहीत."

त्यांनी मान डोलावली. तो जुना रिमोट मी माझ्या पिशवीत सारला, कुणी पुन्हा आवाज चढवू नये म्हणून. मशीनवरची आवाजाची खुंटी कधीचीच नुसती गरगर फिरायची, तेव्हा दुसरी वाटही नव्हती. झोप फार छान लागली. उठून चहा घेतला, जीपनं बुलढाण्याला आलो, पिशवी उपसली, तर रिमोट हातात.

घरच्या पोरानं हे केलं असतं तर दोन दिवसांत उघडं पडलं असतं. पण जावयाच्या कामात खोट कोण काढणार, तेही धोंड्याच्या महिन्यात? जुन्या रिमोटसाठी त्यांनी घर पालथं घातलं, गोठ्यातल्या कुटाराच्या ढिगातही हात घालून पाहिला. माझ्या पिशवीचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर सासरे स्पीकर उशाशी ओढून त्याला कान लावून पडलेले. म्हणाले, "मशीन तं बरोबर हाये, तुमीच शिकवलेली. माहे कानच गेले वाटते."

मेव्हण्यानं त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. घरी येऊन सासरे मलाच सांगत होते, "डॉक्टर कच्चा हाये. मले कव्वाली ऐकू येत नाई अन् हा म्हन्ते कान चांगले."

"मी भाजीले काय आनू म्हनलं तं ते बरं ऐकू येते," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

मग मेव्हण्यानं सहज सांगितलं, की बाबांनी देवळातलं भजन सोडलं. पोरं खुर्चीसकट उचलून न्यायची त्यांना, पेटी वाजवायला. आता म्हणतात, मले सूर ऐकू येत नाई, दुसऱ्याचा कायले बिघडवू.

ते ऐकल्यापासून हसू येत नाही. जुना रिमोट ऑफिसातल्या माझ्या कपाटात आहे, नवे सेल घालून. काम काही मिनिटांचं. पण शिकवायचं म्हणजे तो सगळ्यांदेखत पिशवीतून काढायचा, आणि दर वेळी मी तो नेतो आणि तसाच परत आणतो.

सासऱ्यांना मी आवाजाची दोन बटणं देणं लागतो. आणि त्यांचे कान शाबूत असल्याची कबुली, माझ्या तोंडून, घरातल्या सगळ्यांसमोर.