उलटा वक्र आणि थोरली मुलगी

मला बघायला आलेला मुलगा नागपूरच्या एका बँकेत सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री करायचा. आत्यानं सहज विचारलं, "काम कसं चाललंय?" तो म्हणाला, "सध्या वक्र उलटा झालाय."

झाशीत आमच्या पिढ्या गेल्या. मराठी उरली ती स्वयंपाकापुरती आणि देवापुरती. वक्र म्हटलं की आम्हाला वक्री शनीच आठवणार! आत्याचा चेहरा उतरला. "मग शनीची शांत केली का?"

"ते सरकारच्या बँकेच्या हातात असतं."

बँकाही शांत करतात हे ऐकून आत्या हादरली. तिनं शेजारच्या गल्लीतून पंडितजींनाच बोलावलं.

बिचाऱ्या मुलानं त्यांच्यासमोर ताटलीत शेवेची रेघ मांडली. सरकारला थोड्या दिवसांसाठी पैसे दिले तर व्याज कमी, लांब मुदतीला जास्त, म्हणून रेघ एरवी चढती. पण पुढे मंदी येणार, व्याज उतरणार असं वाटलं, की आजचंच व्याज पक्कं करायला लोक लांब मुदतीच्या रोख्यांवर तुटून पडतात. ते रोखे महागतात आणि त्यांचा परतावा थोड्या मुदतीच्याही खाली घसरतो; चढती रेघ उतरती होते, हाच उलटा वक्र.

पंडितजींनी शेव निरखली. "मतलब छोटी ऊपर, बड़ी नीचे?"

"जी."

"तो साफ है, बहनजी. पहले छोटी का ब्याह होगा."

"मैं ब्याज की बात कर रहा हूँ!"

"हम भी तो ब्याह की ही कर रहे हैं, भैया."

दाराआड माझी धाकटी बहीण फिस्सकन हसली. आत्या तिला साडी नेसवायला उठलीसुद्धा. मला रडू फुटायचंच बाकी होतं. याआधी बघायला आलेले सगळे जण नकार देऊन गेले होते, त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. हा मात्र मला आवडला होता.

"थांब आत्या!" मी ओरडलेच. मग त्याला विचारलं, "जितकी जास्त वाट पाहावी तितका परतावा जास्त, हाच मूळ नियम ना?"

"हो."

"मग या घरात सगळ्यात जास्त वाट मी पाहिलीय."

त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. पंडितजींनी तेवढ्यात रेघेचं छोट्या मुदतीकडचं टोक उचलून तोंडात टाकलं.

आत्यानं दारातूनच विचारलं, "काय हो, अजून उलटाच आहे का?"

"असू दे," तो म्हणाला. "मला लांब मुदतीचंच पक्कं करायचंय."